बराकीतला फुटबॉल

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. वसईतल्या आमच्या गावात संध्याकाळी दिवे गेले होते. मी ओट्यावर बसून पागोळ्यांचा आवाज ऐकत होतो. शेजारचा मुलगा सायकल हातात धरून फाटकाशी आला. वय वीस. पायात चिखलाने माखलेले फुटबॉलचे बूट, बगलेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद. मी या गावात पस्तीस वर्षं इतिहास शिकवला. त्याचे वडीलही माझ्या हाताखालून गेले, म्हणून हा पोरगाही मला 'सर' म्हणतो.

"सर, जरा वेळ आहे का?" असं विचारून त्याने तो कागद पुढे केला. फौजेत खेळाडूंची भरती निघाली होती, त्याचा तो अर्ज. पोरगा डाव्या बगलेवर खेळतो, आणि झकास खेळतो. चर्चसमोरच्या मैदानावर सामना असला की म्हातारी माणसंसुद्धा त्याच्यासाठी थांबतात. मुंबईतल्या एका क्लबाने त्याला सहा महिन्यांच्या कराराचं बोलणं लावलं होतं. वडील कारखान्यात पाळीवर जातात, धाकटी बहीण कॉलेजात आहे. सहा महिन्यांनंतर काय, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

त्याने मला विचारलं, "सर, फौजेत गेलो तर मी फुटबॉलपटू राहीन, की जवान होईन?"

प्रश्न साधा होता, पण मला लगेच उत्तर देता आलं नाही. "रविवारी ये," म्हणालो. तो गेल्यावर कंदिलाच्या उजेडात मी जुनी पुस्तकं आणि कात्रणं काढून बसलो. त्या आठवड्यात जे वाचलं, जे आठवलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिल्यांदा आठवला तो माझा मामा. मामा लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपात होता. साठच्या दशकाच्या अखेरीस, मी बारा-तेरा वर्षांचा असताना, तो मला रोव्हर्स कपचा सामना बघायला घेऊन गेला होता. वसई रोडहून चर्चगेट, तिथून चालत कूपरेज मैदान. एका बाजूला फौजेचा संघ होता. बूट असे चकचकीत की त्यात तोंड दिसावं. रेफ्रीने शिट्टी मारली की वाद नाही, हातवारे नाहीत, मुकाट्याने जागेवर. अर्ध्या वेळेत शेंगदाण्याची पुडी माझ्या हातात देत मामा म्हणाला, "हे लोक पगारी आहेत बरं का. पण पगार खेळाचा नाही. पगार वेगळ्याच खात्यातून येतो." तेव्हा मला ते कळलं नव्हतं. त्या मुलाचा प्रश्न ऐकल्यावर साठ वर्षांपूर्वीचं ते वाक्य कळू लागलं.

रोव्हर्स कप ही स्पर्धाच मुळात गोऱ्या शिपायांची. मुंबईत ती १८९१ साली सुरू झाली आणि पहिला कप वूस्टरशायर रेजिमेंटने नेला. त्याच्या तीन वर्षं आधी, १८८८ साली, सिमल्याला ड्युरँड कप सुरू झाला होता. तोही पलटणींसाठीच. त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्याला छावणीत एकच मोठी चिंता असे. लढाई नसताना शिपायांनी करायचं काय? बसून राहिले की दारू, भांडणं आणि आजारपण ठरलेलं. एका चामडी चेंडूने बावीस माणसं दीड तास कामाला लागत आणि हजारभर माणसं बघायला उभी राहत. इतकी स्वस्त सोय दुसरी नव्हती. आपल्या देशात फुटबॉल रुजला त्यात मिशनऱ्यांच्या शाळा-कॉलेजांचा वाटा आहे, तसाच या छावण्यांचाही आहे.

या पलटणींना हरवणं हे मग आपल्या लोकांसाठी नुसता खेळ राहिलं नाही. २९ जुलै १९११ या दिवशी कोलकात्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवून आयएफए शील्ड जिंकली. त्या अकरा जणांत बूट घातलेला खेळाडू एकच होता, बाकी दहा अनवाणी. पुढे १९२३ साली मोहन बागान मुंबईला रोव्हर्सच्या अंतिम सामन्यापर्यंत आलं, पण डरहॅम लाइट इन्फन्ट्रीने त्यांना हरवलं. रोव्हर्स कपवर पहिल्यांदा भारतीय संघाचं नाव लागायला १९३७ साल उजाडावं लागलं. तो संघ होता बंगलोर मुस्लिम्स. म्हणजे जवळजवळ अर्धं शतक कूपरेजच्या या कपावर गोऱ्या लष्कराचाच वरचष्मा होता.

पण ते आधी शिपाई होते आणि मग फुटबॉलपटू. माझ्या शेजारच्या मुलाचा प्रश्न उलटा होता. आधी फुटबॉल, मग फौज. अशी माणसं शोधायची तर आधी इंग्लंडला जावं लागतं.

१९१४ सालचा ऑगस्ट. महायुद्ध सुरू झालं आणि इंग्लंडमध्ये क्रिकेट, रग्बी थांबवण्यात आलं. फुटबॉलची लीग मात्र चालू राहिली. कारण व्यावसायिक फुटबॉलपटू क्लबाशी कराराने बांधलेला होता, त्याच्या आठवड्याच्या पगारावर घर चालत होतं. वर्तमानपत्रांतून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. धडधाकट तरुण चेंडू लाथाडतात आणि त्यांच्या वयाची मुलं खंदकात मरतात, असा सूर होता. अखेर १५ डिसेंबर १९१४ रोजी लंडनमध्ये फुलहॅमच्या टाउन हॉलात सभा झाली आणि फुटबॉलपटूंची स्वतंत्र पलटण उभी करायचं ठरलं. तिचं अधिकृत नाव सतरावी मिडलसेक्स बटालियन, पण लोक तिला 'फुटबॉलर्स बटालियन' म्हणत. क्लॅप्टन ओरिएंट या क्लबाचे खेळाडू तर घोळक्याने भरती झाले.

तिकडे स्कॉटलंडमध्ये एडिंबराचा हार्ट्स हा क्लब त्याआधीच पुढे झाला होता. तेव्हा हा संघ लीगच्या गुणतक्त्यात सगळ्यांत वर होता. त्याच्या खेळाडूंनी नोव्हेंबर १९१४ मध्ये एकगठ्ठा नावं नोंदवली. सामनेही खेळायचे आणि लष्करी कवायत, रात्रीची दौड हेही करायचं. पायांत गोळे आलेला तो संघ हंगामाच्या शेवटी मागे पडला आणि विजेतेपद सेल्टिककडे गेलं. त्या युद्धात हार्ट्सच्या पहिल्या संघातले सात खेळाडू मेले. एडिंबरात हेमार्केट भागात त्यांचं स्मारक आहे.

डोनाल्ड बेल नावाचा खेळाडू ब्रॅडफर्ड पार्क अ‍ॅव्हेन्यूकडून बचावफळीत खेळे. पेशाने तो शाळामास्तर होता, म्हणून मला जरा जवळचा वाटतो. ५ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत शत्रूच्या मशीनगनवर दोन साथीदारांसह चाल करून जाण्याची कामगिरी त्याने केली आणि त्यासाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण हातात घ्यायला तो उरला नाही. पाचच दिवसांनी, १० जुलैला, तो मारला गेला.

आणि वॉल्टर टल. त्याचे वडील बार्बाडोसहून इंग्लंडला आलेले, आजोबा गुलामीत जन्मलेले. आईवडील गेल्यावर हा अनाथाश्रमात वाढला आणि टॉटनहॅम हॉटस्परसारख्या नामांकित क्लबापर्यंत पोचला. मैदानावर त्याच्या रंगावरून प्रेक्षकांनी त्याला शिव्या दिल्याची नोंद आहे. हाच टल फुटबॉलर्स बटालियनमध्ये दाखल झाला आणि १९१७ साली सेकंड लेफ्टनंट झाला. कृष्णवर्णीयाला अधिकारी करायचं नाही, अशी त्या सैन्याची रीत होती, तरी झाला. २५ मार्च १९१८ रोजी तो फ्रान्समध्ये पडला. त्याच्या माणसांनी त्याला उचलून आणायचा प्रयत्न केला, पण देह हाती लागला नाही. त्याची कबर आजही कुठे नाही.

या मंडळींची गोष्ट वाचताना एक लक्षात येतं. युद्धाने त्यांना खेळातून उचललं. आधी त्यांच्याकडे खेळाचा पगार होता, तो गेला आणि गणवेश आला. लीग १९१५ सालच्या हंगामानंतर बंद झाली. परत आलेल्यांपैकी कुणाच्या गुडघ्यात गोळी होती, कुणाच्या छातीत विषारी वायू भरलेला होता. तिथे गणवेश ही खेळाडूच्या आयुष्यातली वजाबाकी होती.

दुसऱ्या महायुद्धातही तेच झालं. सप्टेंबर १९३९ मध्ये हंगाम सुरू होऊन जेमतेम तीन सामने झाले होते. लीग थांबली, करार संपले आणि खेळाडू लष्करात गेले. बोल्टन वाँडरर्सचे खेळाडू आपला कर्णधार हॅरी गॉस्लिन याच्याबरोबर तोफखान्यात दाखल झाले. गॉस्लिन डिसेंबर १९४३ मध्ये इटलीत मारला गेला. त्याच इटलीत आपल्या मराठा पलटणीही लढत होत्या, हे इथे सांगायला हवं.

या लाटेतून वाहत आलेला एक व्यावसायिक फुटबॉलपटू थेट आपल्या मुंबईत येऊन पोचला. त्याचं नाव तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय, पण फुटबॉलपटू म्हणून नाही. डेनिस कॉम्प्टन. क्रिकेटमधलं एवढं मोठं नाव, पण हिवाळ्यात हा माणूस आर्सेनलचा पगारी फुटबॉलपटू होता. डाव्या बगलेवर खेळायचा, आमच्या पोराच्याच जागी! युद्धात त्याला हिंदुस्थानात पाठवलं गेलं आणि त्याची नेमणूक झाली इंदूरजवळच्या महू छावणीत. सैनिकांना शारीरिकदृष्ट्या तंदुरुस्त ठेवणं हे त्याचं काम. इंदूर म्हणजे होळकरांचं संस्थान, क्रिकेटचं वेड असलेलं, आणि संघाचे कर्णधार सी. के. नायडू. त्यांनी असा मोहरा सोडला असता तरच नवल.

मार्च १९४५ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर मुंबई विरुद्ध होळकर हा रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. आमच्या लहानपणी मोठी माणसं त्याच्या गोष्टी सांगत. मुंबईच्या दुसऱ्या डावात विजय मर्चंट यांनी २७८ धावा काढल्या आणि होळकरांपुढे जिंकायला ८६७ धावांचं लक्ष्य आलं. आठशे सदुसष्ट! मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतकं ठोकली आणि दुसऱ्या डावात लष्करी नोकरीतला हा कॉम्प्टन २४९ धावांवर नाबाद राहिला. होळकर ३७४ धावांनी हरले. एकूण सामन्यात धावा झाल्या २०७८. मुंबईने कॉम्प्टनला पाहिलं ते असं, बॅट हातात घेतलेला. आर्सेनलचा लेफ्ट विंगर इथे नोकरीनिमित्त आलेला एक शिपाई होता, हे फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

कॉम्प्टन सुखरूप परत गेला. १९४८ साली आर्सेनलबरोबर लीग जिंकला, १९५० साली एफए कप जिंकला. पण एकविसाव्या वर्षापासून सत्ताविसाव्या वर्षापर्यंतचा काळ, म्हणजे फुटबॉलपटूची ऐन उमेदीची वर्षं, युद्धात गेली. इंग्लंडकडून युद्धकाळात तो बारा सामने खेळला, पण त्या सामन्यांना अधिकृत दर्जा नाही. त्यामुळे फुटबॉलमधला अधिकृत आंतरराष्ट्रीय खेळाडू म्हणून त्याचं नाव कुठेच लागत नाही.

हे झालं परदेशाचं. आता आपल्या घरी येऊ, कारण इथे हिशेब उलटा आहे.

स्वातंत्र्यानंतर गोऱ्या पलटणी गेल्या, कप मात्र राहिले. आपल्याकडे फुटबॉलपटूला उघडपणे व्यावसायिक म्हणायची पद्धत फार उशिरा आली. राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली तीच मुळी १९९६ साली. त्याआधी कोलकात्याच्या मोठ्या क्लबांकडून पैसे मिळत असत, पण आयुष्यभराची भाकरी मिळायची ती नोकरीतूनच. रेल्वे, पोलीस, बँका, आणि आपल्या मुंबईत टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, महिंद्र यांच्यासारख्या कंपन्या. खेळाडू कागदोपत्री कारकून किंवा फिटर असायचा, खरं काम मैदानावरचं. या सगळ्यांत सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत पक्की नोकरी होती फौजेची. ज्याच्यामागे कुणी नाही, शिक्षण नाही, शिफारस नाही, अशा पोराला फौज घेत होती. दोन वेळचं जेवण, बूट, डॉक्टर, मैदान आणि शिस्त, सगळं एका छपराखाली मिळे. मामा म्हणत होता ते 'वेगळं खातं' हेच.

पीटर थंगराज यांचं उदाहरण घ्या. सिकंदराबादच्या स्थानिक क्लबांत खेळणारा हा उंचापुरा मुलगा १९५३ च्या सुमारास फौजेत भरती झाला आणि निलगिरीतल्या वेलिंग्टनच्या मद्रास रेजिमेंटल सेंटरमध्ये दाखल झाला. सुरुवातीला तो पुढच्या फळीत खेळायचा. मग गोलात उभा राहिला आणि तिथेच त्याचं नशीब उघडलं. मद्रास रेजिमेंटल सेंटरने १९५५ आणि १९५८ साली ड्युरँड कप जिंकला तो याच्या जोरावर. १९५६ चं मेलबर्न आणि १९६० चं रोम, दोन्ही ऑलिंपिकच्या भारतीय चमूत तो होता. १९५८ साली आशियातला सर्वोत्तम गोलरक्षक म्हणून त्याचा गौरव झाला आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातही तो होता. १९६७ साली अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे फौज सोडून तो कोलकात्याला गेला आणि मोहमेडन स्पोर्टिंग, मोहन बागान, ईस्ट बंगाल या तिन्ही मोठ्या क्लबांकडून खेळला. २००८ साली ते गेले.

दुसरं उदाहरण श्याम थापा यांचं. गुरखा ब्रिगेडचा संघ म्हणजे साठच्या दशकातला दरारा. १९६६ आणि १९६९ साली त्यांनी ड्युरँड कप जिंकला. श्याम थापा डेहराडूनच्या गुरखा वस्तीतून आलेले. गुरखा ब्रिगेडकडून खेळले आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत मफतलालच्या संघात आले. १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात ते होते. नंतर कोलकात्याला गेले. १९७५ च्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० असं धुतलं, त्यात दोन गोल थापांचे. सप्टेंबर १९७७ मध्ये पेले न्यूयॉर्क कॉसमॉस संघ घेऊन ईडन गार्डन्सवर आले. सामना २-२ असा सुटला आणि मोहन बागानच्या दोन गोलांपैकी एक याच माणसाचा होता. बराकीत घडलेले पाय पेलेसमोर गोल करून आले!

म्हणून मी म्हणतो, आपल्याकडे हिशेब उलटा आहे. इंग्लंडात गणवेशाने फुटबॉलपटूकडून खेळ काढून घेतला. आपल्याकडे कितीतरी गरीब घरांतल्या मुलांना गणवेशानेच खेळ दिला. थंगराज काय, थापा काय, आधी फौजेने त्यांना उभं केलं, मग क्लबांनी त्यांना उचललं.

पण इथे थांबलो तर मी त्या पोराला अर्धंच सांगितल्यासारखं होईल. कारण गणवेशाची एक अट असते आणि ती अर्जावर लहान अक्षरांत नसते, मोठ्या अक्षरांत असते. १९६२ साली चीनबरोबरच्या युद्धामुळे ड्युरँड कप झालाच नाही. एवढं एकच वाक्य स्पर्धेच्या इतिहासात सापडतं. त्या वाक्यामागे कितीतरी पलटणींच्या संघांचे बूट त्या वर्षी कपाटात राहिले असतील आणि दुसरे बूट चढवले गेले असतील.

आपल्या मराठी माणसाचंच उदाहरण द्यायचं तर मुरलीकांत पेटकर. खेळ फुटबॉल नव्हे, पण गोष्ट तीच. सांगली जिल्ह्यातला हा मुलगा लहान वयात फौजेत गेला, तिथे बॉक्सिंगमध्ये नाव काढलं. १९६५ च्या युद्धात त्याला गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. बॉक्सिंग संपलं. तो पोहायला लागला आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये सुवर्णपदक घेऊन आला. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. फौजेने त्यांना खेळाडू केलं, फौजेच्या कामावर असतानाच त्यांचा एक खेळ गेला, आणि दुसरा खेळ त्यांनी स्वतःच्या जिद्दीने मिळवला. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यातली एक गाळून पेटकरांची गोष्ट सांगता येत नाही.

आणखी एक किंमत आहे, ती रक्तामांसाची नाही, पण खेळाडूला बोचणारी आहे. फौजेतल्या खेळाडूला मनात आलं म्हणून एखाद्या क्लबाशी करार करता येत नाही. बदली, हुकूम, सुट्टी हे सगळं वरिष्ठांच्या हातात. टीव्हीवर दिव्यांच्या झगमगाटात खेळणारी त्याच्याच वयाची मुलं बघत त्याने सेनादलाच्या संघात, मोजक्या प्रेक्षकांपुढे खेळायचं. आपलं नाव गावाबाहेर कुणाला ठाऊक नाही, हे पचवायला छाती लागते.

पण म्हणून तो खेळ कमी दर्जाचा असतो का? तर नाही. संतोष करंडकात सेनादलाचा संघ १९६०-६१ च्या हंगामात पहिल्यांदा विजेता ठरला. मग पन्नासएक वर्षं काही नाही. आणि नंतर २०१२, २०१३, २०१५, २०१६, २०१९ आणि २०२४ अशी सहा विजेतेपदं त्यांनी बारा-तेरा वर्षांत नेली. २०१६ चा अंतिम सामना तर आपल्या नागपुरात झाला आणि समोर होता महाराष्ट्राचाच संघ. सेनादल २-१ असं जिंकलं, दोन्ही गोल अर्जुन टुडूचे. त्याच वर्षी फौजेच्या 'आर्मी ग्रीन' संघाने ड्युरँड कपही जिंकला. गंमत बघा, या काळात देशात मोठाल्या पैशांची लीग आली, परदेशी प्रशिक्षक आले, लिलाव झाले, आणि बराकीतली ही मुलं मात्र जुन्या करंडकावर आपलं नाव कोरत राहिली.

आणि त्या झगमगाटाचं काय झालं? मुंबईच्या कंपन्यांचे संघ एकेक करून बंद झाले. महिंद्र युनायटेडसारखा देशात विजेता ठरलेला संघ २०१० साली बंद पडला. रोव्हर्स कप तर २००१ नंतर भरलाच नाही. २०२५ च्या जुलैत इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगाम हक्कांच्या करारावरून लांबणीवर टाकला गेला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. देशाकडून खेळणारी मुलं घरी बसून पुढे काय होणार याची वाट बघत होती. त्या वेळी मला कूपरेजवरचा मामा पुन्हा आठवला. पगार कुठल्या खात्यातून येतो, हा प्रश्न खेळाडूच्या आयुष्यात किती मोठा असतो, ते साठ वर्षांत बदललेलं नाही.

रविवारी पोरगा आला. या वेळी बूट धुतलेले होते. मी त्याला टलची गोष्ट सांगितली, थंगराजची सांगितली, पेटकरांची सांगितली. मग म्हणालो, "बाळा, तू विचारलंस फुटबॉलपटू की जवान. इतिहासात मला याचं एकच उत्तर सापडलं. शांततेच्या दिवसांत फौज तुला फुटबॉलपटू म्हणून सांभाळेल, आणि चांगलं सांभाळेल. पण अर्जावर सही करशील ती जवान म्हणून. सही करताना दुसरी गोष्ट आधी मनात ठेव, पहिली नंतर. उलटं केलंस तर एखाद्या दिवशी तुला फसवल्यासारखं वाटेल, आणि तुला कुणी फसवलेलं नसेल."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, क्लबवाल्यांनी तर मला सही करताना काय मनात ठेवायचं तेही सांगितलं नाही."

दोन दिवसांनी त्याची आई आमच्याकडे आली. हातात परसातल्या केळ्यांची फणी. ती ओट्यावर ठेवली आणि उभ्याउभ्याच तिने विचारलं, "सर, तुम्ही त्याला समजावलंत म्हणे. खेळायला जातोय तर जाऊ दे. पण लढाई झाली तर?"

श्रोतेहो, पस्तीस वर्षं मी मुलांना लढायांच्या तारखा पाठ करून घेतल्या. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, तो किल्ला आमच्या गावापासून सायकलच्या अंतरावर आहे. त्या वेढ्यात किती माणसं कामी आली हे मी वर्गात सांगत असे. त्यांपैकी एकाच्याही आईचा विचार मी वर्गात कधी मांडला नव्हता. तिला मी खोटा दिलासा दिला नाही. "लढाई झाली तर त्याला जावं लागेल," एवढंच म्हणालो. ती मान हलवून म्हणाली, "तेच विचारायचं होतं. कुणी सरळ सांगत नाही."

पोराने अर्ज भरला. चाचणीसाठी तो रोज पहाटे पाचला राजोडीच्या वाळूत पळायला जातो, कारण वाळूत पळलं की पाय घट्ट होतात असं त्याला कुणीतरी सांगितलंय. परवा फाटकाशी थांबला आणि हसत म्हणाला, "सर, डाव्या पायाचा फटका आता उजव्यासारखा बसतो." त्याच्या मागे त्याची आई उभी होती. ती हसली नाही, पण त्याच्या हातातली बुटांची पिशवी तिने आपल्या हातात घेतली आणि दोघं घराकडे गेले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)